होडी इग्नातिसलाच

मी, मिल्तियादिस कलाफातिस, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा मासेमारी, राहणार पेत्रोयाली, लेस्वोस बेट, हे मृत्युपत्र नोटरी येव्हान्थियाबाईंना सांगून लिहवून घेत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नाही. माझ्यावर कोणाचं दडपण नाही.

१. राहतं घर आणि मागची ऑलिव्हची सव्वीस झाडं माझी मुलगी मिर्सिनी हिला. जावयाने झाडं तोडून पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या नाहीत. त्याच्या मनात काय चाललंय ते मला ठाऊक आहे.

२. बँकेत जे असेल त्यातून माझा अंत्यविधी करावा, उरेल ते मिर्सिनीचं. पाद्र्याला भाषण लांबवू देऊ नये.

३. जिल्ह्याच्या साहेबांनी दिलेली, 'तेरा जीव वाचवणाऱ्या वीरास' असं लिहिलेली पितळी पाटी कोणालाही देऊ नये. कोंबड्यांच्या खुराड्याचं दार मोडलंय, तिथे उलटी ठोकावी. कारण कलम पाचमध्ये आहे.

४. होडी, इंजिन आणि जाळी माझा थोरला भाऊ इग्नातिस याला. नऊ वर्षं आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही, त्यामुळे गावात कुजबुज होईल. होऊ दे.

५. माझ्या दफनानंतर लोक कॉफी-ब्रँडीला प्रोद्रोमोसच्या कॉफीघरात जमतील, तेव्हा हे कलम मोठ्याने वाचावं.

नऊ वर्षांपूर्वी जानेवारीत समोरच्या तुर्की किनाऱ्याहून आलेली निर्वासितांची रबरी बोट आमच्यासमोर उलटली. सरकारी बोटीला वेळ होता. आम्ही मासेमार गेलो, तसे नेहमीच जायचो. इग्नातिसने अकरा माणसं घेतली आणि परत फिरला. पाण्यात आणखी होती. अकरांना उतरवून तो पुन्हा गेला, तोवर कोणी उरलं नव्हतं. मी भर कॉफीघरात त्याला म्हणालो, "मासे तोलावेत तशी माणसं मोजतोस. तुझ्यापेक्षा खाटीक बरा." तो एवढंच म्हणाला, "मिल्तो, होडी बुडाली असती रे." गावाने माझं ऐकलं. त्याला 'मोजणारा' हे नाव पडलं. त्याच्या नातवंडांनाही ते शाळेत ऐकावं लागलं.

तीन हिवाळ्यांनी मी एकटाच समुद्रात होतो, तेव्हा तशीच आणखी एक बोट उलटली. तेरा जणांना ओढून घेतलं, तेव्हा होडीच्या काठावरून पाणी आत यायला लागलं. दोराला अजून तिघं लटकली होती, दोन पुरुष आणि एक बाई. त्यांनाही घेतलं असतं तर सगळेच गेलो असतो. मी दोर कापला. बाई ओरडली नाही, माझ्याकडे बघत राहिली. परत गेलो तेव्हा नुसतं पाणी होतं. किनाऱ्यावर मी सांगितलं, तेराच होते. वाचलेली माणसं रडून काहीतरी सांगत होती, पण त्यांची भाषा आमच्यात कोणाला येत नव्हती, आणि दुभाषा येईपर्यंत मी थांबलो नाही.

इग्नातिसचं बरोबर होतं. मीही तेच केलं, फक्त खोटं बोललो आणि वर पाटी घेतली. दादा, मला माफ कर. हे सांगायला पाच वेळा तुझ्या दारापर्यंत आलो. एकदा तर अंडी पायरीवर ठेवून पळालो.

सहीपूर्वीची दुरुस्ती (नोटरी): वरील मजकूर वाचून दाखवल्यावर साक्षीदार प्रोद्रोमोस म्हणाले, "मिल्तो, इग्नातिस एक्क्याऐंशीचा आहे. परवापासून अंथरुणाला खिळलाय. तो तुझ्याआधी गेला तर हे वाचायचं कोणापुढे? माझ्या खुर्च्यांपुढे?"

मृत्युपत्र करणारे खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "बाई, ते 'दफनानंतर' खोडा. 'आज' लिहा. आधी त्याच्या घरी, मग कॉफीघरात."

मी म्हटलं, "काका, जिवंतपणी वाचलं तर ते मृत्युपत्र कसलं?"

"नसेल तर नसू दे. माझी टोपी कुठेय?"

त्यांच्या सांगण्यावरून दुरुस्ती केली आहे.

साक्षीदार: प्रोद्रोमोस व्हालासिस, कॉफीघरवाले. एर्मोलाओस साव्हास, निवृत्त शिक्षक. फोतिनी करागियानी, परिचारिका.

सही: मिल्तियादिस कलाफातिस
ठिकाण: पेत्रोयाली. दिनांक: १४ जानेवारी २०२५, सकाळी अकरा.

टीप: शिक्का मारायचा राहिला आहे. आम्ही सगळे इग्नातिस कलाफातिस यांच्या घरी निघालो आहोत.