बाबांसाठी मायनर सिक्स्थ

२ जून
बाबांना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून वाचा गेली ती गेलीच. डावा हात तेवढा हलतो. जन्मभर हॉटेलात पियानो वाजवणारा माणूस, आणि घरचा पियानो पलंगाशेजारी धूळ खातोय. डॉक्टर म्हणाले, ओळखीचं संगीत कानावर पडू द्या, शब्द परत येतील. बाबांनी शिकवलं ते धाकट्याला. तो जहाजावर नोकरीला. माझे कान फक्त चष्मा अडकवायला आहेत, असं बाबा चारचौघांत म्हणायचे. ठरलं. बाबांना बोलतं मीच करणार.

३ जून, सकाळी
बाबांची लाडकी कॉर्ड, म्हणजे एकदम दाबायचे चार सूर, मायनर सिक्स्थ. गाण्याचा शेवट तिच्यावरच करायचे. व्हिडिओ लावला. मायनर कॉर्ड, त्यात सहावा स्वर. पुढचं पाहायची गरजच पडली नाही. मायनर म्हणजे उतरलेलं, तेव्हा सहावाही उतरलेलाच असणार. ए, सी, ई, एफ. चारही पांढऱ्या पट्ट्या! एवढ्यासाठी लोक क्लास लावतात.

४ जून
पहाटे एक तास रियाजाचा संकल्प. उठलो नाही. मुळात ते स्टूलच वाकडं आहे.

१० जून
वाजवली. बाबांनी डोळे घट्ट मिटले. तल्लीन! ही म्हणाली, अहो, त्यांना त्रास होतोय. हिला संगीतातलं काय कळतं, कप्पाळ!

१४ जून
बाबा बोट वर करून दाखवतात. पुन्हा पुन्हा. म्हणजे एक नंबर. मी आणखी जोरात वाजवली. बोट आणखी वर गेलं, डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. आयुष्यातली पहिली शाबासकी.

१५ जून
धाकट्याने फोनवर ऐकलं. म्हणाला, दादा, एफ नाही, एफ शार्प. बाबा अर्धा सूर वर चढ म्हणतायत. जळतो मेला. तरी शेजारची काळी पट्टी दाबून पाहिली. हुबेहूब बाबांसारखं वाजलं. पण आता बदलायचं म्हणजे मिळालेली शाबासकी परत करायची. एफच बरा.

१८ जून
बाबांनी पाण्याचा पेला फेकून मारला. हातात जोर आला! उद्यापासून दोन्ही वेळा वाजवणार. बाबांसाठी ठेवलेल्या नर्सबाईंनी ड्यूटी बदलून मागितली. असतो एकेकाचा स्वभाव.

२३ जून, दुपारी
बोलले! बाबा बोलले! कॉर्ड दाबली आणि मागून स्पष्ट आवाज: बास. खात्री करायला मी पुन्हा वाजवली. तर अख्खं वाक्य: याला बाहेर काढा. ही रडायला लागली. मीही. बहुतेक पियानोबद्दल म्हणाले असणार. जड आहे, चार माणसं लागतील.

३० जून
बाबा आता दिवसभर बोलतात. हिच्याशी, नव्या नर्सबाईंशी, फोनवर धाकट्याशी तर हसतातसुद्धा. मी खोलीत पाऊल टाकलं की गप्प. घाबरून डॉक्टरांना बोलावलं, म्हटलं वाचा पुन्हा जातेय. त्यांनी मला बाहेर थांबवून बाबांना तपासलं. म्हणाले, काही गेलेलं नाही, फक्त तुम्ही आत जाऊ नका. हिने दाराबाहेर खुर्ची टाकून दिली आहे. तिथून सगळं ऐकू येतं. फक्त खोकायचं नाही म्हणाली, त्यांना कळतं.