नातीच्या ओठावरचा अंगठा

दादा, तुम्ही गेलात त्याला चाळीस वर्षं होत आली आणि इतक्या दिवसांत मी तुम्हाला कधी काही लिहिलं नाही. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच, तेव्हा अक्षराकडे बघू नका. माझ्या हातून एक गोष्ट झाली आहे आणि ती कळेल असं माणूस आता तुमच्याशिवाय कुणी उरलं नाही.

तुमची पणती, म्हणजे माझी नात, तुम्ही पाहिली नाही. नगरला बँकेत आहे. आपल्या घराण्याचे ओठ पातळ, तुमचे तर मिशीखाली शोधावे लागायचे. तेच ओठ तिच्याकडे गेले आणि तिला ते आवडेनात. तिनं नगरच्या एका डॉक्टरबाईंकडे जाऊन ओठांत सुया टोचून भर घालून घेतली. आता पुष्कळजणी करतात म्हणे. सूज उतरेपर्यंत आईच्या डोळ्यांसमोर नको, म्हणून तोंडाला रुमाल बांधून ती थेट माझ्याकडे घोडेगावला आली. बसमधल्या बाईनं विचारलं, "दाढ काढली का गं?" ही "हूं" म्हणाली आणि रुमालाआड हसली. हसली की दुखायचं.

डॉक्टरबाईंनी एक छापील कागद दिला होता. तो मी फ्रिजवर चिकटवला आणि येता-जाता बोट लावून वाचायचो. दोन उशा घेऊन उताणं झोपायचं. बर्फ नुसता लावायचा नाही, फडक्यात गुंडाळून थोडा वेळ धरायचा. गरम आणि तिखट नको, नळीनं काही प्यायचं नाही, पाणी भरपूर. ओठ दाबायचे नाहीत, चोळायचे नाहीत. ओठ पांढरा पडला, जाळीसारखे डाग आले किंवा दुखणं वाढत गेलं, तर लगेच फोन. या शेवटच्या ओळीनं माझी झोप गेली. ठेचा बंद केला, भाकरी दुधात कुस्करून दिली, चहा कोमट होईपर्यंत कप माझ्याच हातात धरून बसलो. दुपारी ती झोपली की दारातून बघायचो, कुशीवर तर वळली नाही ना. एकदा तिनं डोळे न उघडताच म्हटलं, "आबा, मी उताणीच आहे. जा तुम्ही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सूज फार वाढली. ओसरीवर उजेडाला येऊन ती म्हणाली, "बघा ना, डावीकडं जास्त आहे का?" तुम्हाला सांगतो दादा, मी काही ठरवून केलं नाही. डावा हात तिच्या हनुवटीखाली गेला आणि उजव्या अंगठ्यानं मी खालचा ओठ दाबून खाली ओढला. बाजारात बैलाचे दात बघतात तसा. बैलाचं वय दातांवर कळतं; दोन दाती का चार दाती, का सगळे दात जुळून पुरा झाला, हे धंद्यात चाळीस वर्षं ह्याच अंगठ्यानं बघितलं. ती किंचाळली. डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाली, "आबा! मी काय बैल हाय का? जुळलेत का दात, सांगा आता." तिनं चेष्टेवर नेलं. मी मात्र अंगठ्याकडे बघत उभा होतो.

तुम्ही मला पहिल्यांदा बाजारात नेलं तो दिवस आठवतो. मी चौदा-पंधरा वर्षांचा. एका गोऱ्ह्याचा ओठ मी ताकद लावून ओढला आणि तुम्ही चारचौघांत माझ्या मनगटावर फटका मारला. "अंगठा ठिवायचा, रोवायचा न्हाई. त्वांड त्याचं हाय." गिऱ्हाईक हसत होतं. तुम्ही त्या गोऱ्ह्याच्या गळ्याखाली खाजवत राहिलात, तो शांत होईपर्यंत. माझ्याशी दिवसभर बोलला नाहीत.

दुपारपर्यंत नातीच्या ओठात मी दाबलेल्या जागी वाटाण्याएवढी गाठ हाताला लागू लागली. तिनं डॉक्टरबाईंना फोन केला. मी समोरच लसूण सोलत होतो. तिकडून विचारलं असावं, कारण ही म्हणाली, "नाही मॅडम, कुणी दाबलं वगैरे नाही. झोपेत वळले असेन." माझ्याकडे बघितलंही नाही. मला वाचवलं पोरीनं. आणि मी लसूण सोलत राहिलो.

पण ती बाई आता खोट्यावर विश्वास ठेवून सल्ला देणार, हे मनातून जाईना. नात अंघोळीला गेल्यावर मी कागदावरचा नंबर लावला. "मी तिचा आजोबा. ओठ मी दाबला, चांगला जोरात. बैलाचा दाबतात तसा." मग बाईंनी नीट विचारलं, पांढरा पडलाय का, दुखणं वाढतंय का, आणि लगेच फोटो पाठवायला सांगा म्हणाल्या. म्हणजे नातीला सांगणं भाग पडलं. ती ओल्या केसांनी माझ्यासमोर उभी. "बैलाचं पण सांगितलं तुम्ही?" "सांगितलं." "आता मी तिथं कोणत्या तोंडानं जाऊ?" ह्यावर आम्ही दोघंही हसलो नाही.

फोटो बघून बाई म्हणाल्या, रंग ठीक आहे, घाबरू नका. गाठ कदाचित आपोआप बसेल. हात लावू नका, दोन आठवड्यांनी दाखवायला या. कदाचित. हा शब्द मी त्यानंतर रोज ऐकतो आहे. ती पाचव्या दिवशी नगरला गेली. जाताना पाया पडली तेव्हा डोक्यावर हात ठेवायलाही मी बिचकलो. तिनंच माझा हात धरून डोक्यावर ठेवला.

हे पत्र पाठवायला ठिकाण नाही, घडी घालून गादीखाली ठेवीन. दोन आठवडे आज भरले. ती दवाखान्यातून बाहेर पडली असेल, कारण मघाशी मोबाईलवर तिनं फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "आबा, कसं दिसतंय?" मी एकेक अक्षर शोधून "छान" असं लिहून पाठवलं. खरं सांगतो दादा, फोटो मी अजून उघडलेला नाही.