गोल फिरणारं मशीन

प्रिय भिंगरी,

पाकीट बघून दचकू नकोस. घरात सगळे ठीक आहेत. सगळे म्हणजे मी आणि तुझी आई, आणि त्यातला मी काही फारसा ठीक नाही, पण ताप-खोकला असलं काही नाही. परवा सकाळपासून मी सुन्न आहे, एवढंच. जेवतो, आंघोळ करतो, विचारलं तर उत्तर देतो, पण डोकं जागेवर नाही. दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. फोनवर माझा आवाज चढतो हे तुला माहीत आहे. कागदावर चढायची सोय नाही, म्हणून लिहितोय.

मुळापासून सांगतो, नाहीतर तुला काही कळायचं नाही. गेल्या महिन्यात तुला ते नवं काम मिळालं, घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचे गुडघे हलते करायचं, रोज इकडून तिकडे फिरायचं. मी लगेच म्हटलं, आपली गाडी घेऊन जा, मला आता लागते कुठे. तू म्हणालीस, नको बाबा, ती गाडी नको. ‘ती’ गाडी म्हणालीस. वर म्हणालीस की चालवायची सवय मोडली आहे. मी नेहमीसारखा भित्री भागूबाई म्हणून हसलो. सोळा वर्षं हसतोच आहे. पण ते ‘ती’ मला लागलं. फोन ठेवल्यावर मी विचार केला, गाडीचा रंग विटलाय, टपावर पांढुरके डाग पडलेत, बाईसाहेबांना लाज वाटत असणार. तुझ्या आईला तसं म्हटलंही. ती उठून भाजी ढवळायला गेली. मग मी ठरवलं की गाडी अशी चमकवायची की तिच्यात बघून तुला भांग पाडता आला पाहिजे, आणि एक दिवस न सांगता तुझ्या दारात नेऊन उभी करायची.

पॉलिशच्या बाबतीत मला कोणी शिकवायला नको, असं माझं मत. चाळीस वर्षं फरश्या घासल्या. इस्पितळं, शाळा, सरकारी कचेऱ्या, लोक माझ्या फरशीवर पाय ठेवताना चपला काढायचे. तेव्हा गाडीच्या सामानाच्या दुकानात मी जरा छाती काढूनच गेलो. काउंटरला एक मुलगी होती, तुझ्याहून लहान, पण विषयात पक्की. तिने दोन मशीन पुढे ठेवली. एक नुसतंच गरागरा गोल फिरतं, आमच्या फरशीच्या मशीनचं धाकटं भावंड. दुसरं फिरतं आणि फिरता फिरता थरथरतं, त्यामुळे एका जागी जोर लावत नाही. ती म्हणाली, काका, पहिल्यांदाच करताय आणि आपल्याच गाडीवर करताय, थरथरणारं घ्या. वेळ लागेल, पण हात चुकला तरी रंग वाचेल. गोल फिरणारं एका जागी दोन श्वास जास्त थांबलं की तापतं आणि रंग खाऊन टाकतं.

मी तिला माझे चाळीस वर्षांचे अनुभव ऐकवले. तिने शांतपणे ऐकले आणि पुन्हा तेच सांगितलं. थरथरणारं मशीन मी हातात धरून चालू केलं, तर ते थंडी वाजल्यासारखं हुडहुडत होतं, म्हटलं हे काय पॉलिश करणार. घेतलं गोल फिरणारंच. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं तुझी आई म्हणते ते काही उगाच नाही. ते मशीन वरच्या फळीवरून काढताना त्या मुलीचं कोपर लोखंडी कडेवर आपटलं होतं, चांगला आवाज आला. मी पटकन विचारलं, मशीनला काही झालं नाही ना? ती कोपर चोळत हसली. म्हणाली, मशीन ठीक आहे काका, आणि मीपण. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

निघताना तिने आणखी एक गोष्ट सांगितली. गाडीला पूर्वी कुठे पुट्टी भरून रंग मारला असेल तर तिथला रंग कच्चा असतो, तिथे मशीन लावू नका. लोहचुंबक फिरवून बघा, पत्र्याला चिकटतो, जाड पुट्टीवर टिकत नाही. मी म्हटलं, पोरी, गाडी पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आहे. अठरा वर्षांत तिला ओरखडा नाही.

परवा सकाळी अंगणात गाडी धुतली, पुसली, कडांना कागदी टेप लावली. टप केला, मागचं झाकण केलं, आणि खोटं कशाला बोलू, काम झक्क होत होतं. टपात समोरच्या घराचं छप्पर दिसायला लागलं. तुझ्या आईला बोलावून दाखवलं. छान झालंय म्हणाली. मग मी पुढच्या डाव्या मडगार्डाकडे वळलो, तर म्हणाली, आज पुरे करा, ऊन चढलंय. मी ऐकलं नाही. आत जाऊन तिने तीन हाका मारल्या, चहा निवतोय म्हणून. मी म्हटलं, निवू दे.

अर्ध्या मिनिटात वास आला. मशीन उचललं तोवर हाताच्या तळव्याएवढा रंग गेला होता. खाली राखाडी, आणि राखाडीच्या खाली पिवळट काहीतरी. थर कसे असतात हे मला कोणी सांगायला नको. कंपनीतून आलेल्या पत्र्यावर ते पिवळं नसतं. मी आत गेलो, फ्रिजच्या दारावर तुझा फोटो धरून ठेवणारा लोहचुंबक काढला, आणि सगळ्या गाडीवरून फिरवला. दारांना चिकटला, टपाला चिकटला, उजव्या मडगार्डाला तर ओढून काढावा लागला. डाव्याला लावला की टपकन खाली. पुन्हा लावला, पुन्हा खाली. दिव्यापासून चाकापर्यंत दोन वीत जागा नुसती पुट्टी. मी तिथेच पायरीवर बसलो.

आधी राग आला तो गाडी विकणाऱ्यांचा. मग कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याचा, कारण त्याच्याशिवाय या गाडीला कोणी हात लावलेला नाही, आणि हाच माणूस आठवड्यातून तीनदा माझ्यासोबत बाकावर बसून म्हणतो की गाडी ठेवावी तर तुमच्यासारखी. तो चुंबक तसाच मुठीत धरून मी ओरडत घरात गेलो. तुझी आई मटार सोलत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, त्याला काही बोलू नका, मीच त्याच्या पाया पडले होते. मग हळू आवाजात म्हणाली, लेकीचा अपघात झाला होता.

भिंगरी, मला आधी समजेचना कुठली लेक, कसला अपघात. मी खरंच विचारलं, कोणाची लेक?

मग तिने सगळं सांगितलं. तू एकोणीस वर्षांची, लायसन्स मिळून दोन महिने झालेले, मी वीस दिवस बाहेरगावी इस्पितळाच्या फरशीच्या कामावर. आईला ताप, तू तिची औषधं आणायला गाडी घेऊन गेलीस. पाण्याच्या टाकीच्या वळणावर कुत्रं आडवं आलं, तू त्याला वाचवलंस आणि खांबावर गेलीस. तुझं कपाळ स्टिअरिंगवर आपटलं. गॅरेजवाल्याने जागून सहा दिवसांत मडगार्ड उभं केलं. आणि मला सांगितलं काय, तर तू न्हाणीघरात पाय घसरून पडलीस.

आता माझं ऐक. हे मी तुला कधी सांगितलेलं नाही. न्हाणीघराची ती फरशी मी स्वतः घासली होती, हौसेने, काचेसारखी. आपल्या हाताने केलेल्या कामावर आपलीच पोर पडली आणि तिचं कपाळ फुटलं, हे घेऊन मी सोळा वर्षं वावरलोय. ती फरशी मी दुसऱ्याच दिवशी घणाने फोडली ते तुला आठवत असेल, तुम्ही दोघी दारात उभ्या राहून बघत होता. ती खरखरीत फरशी बसवली, तिला तू पाय सोलवटणारी फरशी म्हणायचीस. त्यानंतर कोणाच्याही न्हाणीघराला मी चमक दिली नाही. तू कपाळावर बट ओढून घेतेस ना, ती बट दिसली की मी दुसरीकडे बघतो. तुझ्या लग्नाच्या फोटोंत मी कुठेच तुझ्याकडे बघत नाहीये, तुझ्या नवऱ्याने गमतीत विचारलंही होतं. आता कळतंय की यातलं काहीच खरं नव्हतं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पायाखालची जमीन गेली असं लोक म्हणतात, मी जन्मभर लोकांच्या पायाखालची जमीनच करत आलो, पण मला त्याचा अर्थ परवा कळला.

मी तुझ्या आईला विचारलं, का लपवलंत? एका मडगार्डासाठी मी तुम्हाला खाल्लं असतं का? मला वाटलं ती म्हणेल, तुमच्या रागाची भीती वाटली. तेवढं ऐकायची माझी तयारी होती. तिने मटाराचं ताट बाजूला ठेवलं आणि म्हणाली, पोर लपवणार नव्हती. गाडी दुरुस्त करून आणली तरी मी बाबांना सगळं सांगणार म्हणत होती. तुम्ही यायच्या दिवशी दोन तास दारात बसून होती. तुम्ही फाटक उघडलंत, तिच्या कपाळाची पट्टी बघितलीत, आणि विचारलंत, काय फोडलंस?

मला हे आठवत नाही. शप्पथ घेऊन सांगतो, आठवत नाही. पण खोटं नसणार. मीच तो, कप पडला की आधी फुटला का विचारणारा. चार दिवसांपूर्वी त्या दुकानात परक्या मुलीचं कोपर आपटलं तेव्हाही मी मशीनचीच चौकशी केली. तुझी आई म्हणाली, तुमचा प्रश्न ऐकून ती उठली, काही नाही फोडलं बाबा, न्हाणीघरात पडले म्हणाली, आणि आत गेली. त्यानंतर तू गाडीची किल्ली कधी हातात घेतली नाहीस आणि मी तुला भित्री म्हणत राहिलो.

तो डाग मी तसाच ठेवलाय, वरून रंग मारणार नाही. गोल फिरणारं मशीन परत केलं. त्या मुलीने कारण विचारलं नाही, मी तिला तिचं कोपर कसं आहे ते विचारलं. गाडी घे म्हणून आता मागे लागणार नाही, घ्यावीशी वाटली तर घे, नाहीतर राहू दे. त्यासाठी हे पत्र नाही. त्या दिवशी फाटक उघडल्यावर विचारायचं होतं ते राहून गेलं, तेवढ्यासाठी लिहायला बसलो. टाके किती पडले होते तेही मला माहीत नाही. सोळा वर्षं उशीर झालाय, तरी तू सांग. भिंगरी, फार लागलं होतं का गं?

तुझाच,
बाबा