सासूबाई परत आल्या, वय साडेपाच

सीरिया, सुवैदाच्या डोंगरातून

प्रिय मेहुणे हायेल यांस,

नायेफचा सलाम. तुमची नि वहिनींची तब्येत ठणठणीत असेल, व्हेनेझुएलात उकाडा असला तरी दुकान चालत असेल, असे धरून चालतो. आम्ही सुखरूप आहोत. म्हणजे होतो.

मागे एका शुक्रवारी शेजारच्या गावचे एक जोडपे आपल्या मुलीला, जुमानाला, घेऊन आले. पोरगी बोलायला लागल्यापासून म्हणते, माझे घर दुसरेच आहे, अंगणात तुतीचे झाड आहे. (आपल्या डोंगरात कोणाच्या अंगणात नाही?) ती आत आली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि म्हणाली, "हा अजून बसूनच?" तुमच्या बहिणीने, वजीहाने, "आई!" म्हणून हंबरडा फोडला आणि मी, काय सांगू, हातातली सिगारेट पाठीमागे लपवली.

माझा गोंधळ असा. आत्मा गेला की त्याच क्षणी नव्या बाळात येतो, हे आपण द्रूझ सारेच मानतो. पण तुमच्या आईंना जाऊन सहा वर्षे झाली आणि ही साडेपाचची. मधले महिने त्या होत्या कुठे? शेख हमूदना विचारले. म्हणाले, "मध्ये एखादा लहानसा जन्म झाला असेल." आणखी खोदले तर म्हणाले, "ते ग्रंथात आहे, आणि तू दीक्षा घेतलेली नाहीस." म्हणजे मी काय मानतो, हे मलाच कळायची सोय नाही! (सासूबाई दीक्षा घेतलेल्या, दर गुरुवारी पांढरी ओढणी घेऊन प्रार्थनेला जात, त्यांना ठाऊक असणार. म्हणून जुमानाला विचारले. तिने जीभ दाखवली.)

आता ती दर शुक्रवारी येते, सासूबाईंच्या गादीवर बसते आणि मी सवयीने उठून उभा राहतो. तिची आत्ताची आई दारातच घुटमळत वजीहाला विचारते, "ताई, संध्याकाळी परत देता ना?"

तुमचा,
नायेफ

ता. क. परवा पोरीने विचारले, "हायेल रागावूनच गेला ना?" तुमचे नाव गावाला ठाऊक आहे, सासूबाईंना सगळे तुमच्याच नावाने उम्म हायेल, हायेलची आई, म्हणत. पण तुमचे नि आईंचे ते भांडण मी कुठे बोललो नाही. वजीहाही नाही म्हणते. शेजाऱ्यांनी भिंतीपलीकडून ऐकले असेल. असेलच. तरी शुक्रवारी दुपारी एक फोन करा.

आणखी एक. मी लिहिल्याचे वजीहाला सांगू नका. ती म्हणते, हायेल हसेल. हसा की! पण फोनवर हसा, मोठ्याने. घंटा वाजली की पोरगी धावत जाते, आणि दर वेळी दुसऱ्याच कोणाचा फोन असतो.