मासळी बाजारातला उतार

आई, आज मी बाजारातून बांगडे आणले. मी, माझी मी. तू असतीस तर आधी पिशवीत डोकावून विचारलं असतंस, "कोणी फसवलंन गो तुला?"

माझे पाय चालत नव्हते म्हणून तू मला बाजारात न्यायचीस ती कमरेवर, आणि डोक्यावर मासळीची पाटी. मी तुझी मान घट्ट धरलेली, समोरून शाळेतल्या मुली येतायत. "खाली ठेव ना, बघतात सगळे," मी कुजबुजते, आणि तू डाफरतेस, "माजी कंबर हाय तवर तुला रस्ता कशाला हवा?" पुढे तुझी कंबर गेली, मग तूही गेलीस. बाजाराच्या फुटपाथाची उंच पायरी मात्र तिथेच राहिली. मी व्हीलचेअर घेऊन खाली गटाराशी थांबायचे आणि ओरडून मासळी मागायचे. मिळायची ती बाकीच्यांनी नाकारलेली.

एकदाची ती पायरी फोडून नगरपालिकेने उतार केला. त्यासाठी किती खेटे घातले ते विचारू नकोस. आज मोठ्या ऐटीत गेले, तर उतारावर कोळणी पाट्या मांडून बसलेल्या! पाणी आपोआप वाहून जातं, बुडाखाली साचत नाही. त्यांना वाटलं, सरकारला अखेर आपली दया आली. राग आला आणि हसूही. तू असतीस तर पहिली जागा तूच धरली असतीस.

"हा माझ्या गाडीसाठी केलाय," मी म्हटलं.

"तू काय रोज येतंस?" एक तरुण कोळीण म्हणाली.

"वर चढता आलं असतं तर रोज आले असते."

तेवढ्यात तुझ्या शेजारी बसायची ती मावशी काठी टेकत उठली. पार वाकलीय ग. त्या पायरीपायी तिनेही बाजार सोडला होता, उतार झाला म्हणून परत आली होती. "उठा गो," ती सगळ्यांवर खेकसली, "हिची आये हिला कमरेवर आणायची. आता कोण आणणार?" पाट्या सरकल्या. आता तिथे कोणी बसलंच तर मावशीच हाकलणार.

मी वर गेले. मासळी ताजी आहे का ते कल्ले उचलून बघितलं, मनसोक्त घासाघीस केली. उद्याही जाणार आहे.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगते. वर पोचले तेव्हा मला कोणीही उचललेलं नव्हतं, याचा केवढा आनंद झाला. आणि त्याच क्षणी तुझी कंबर आठवली नि भर बाजारात रडू फुटलं. मावशीला सांगितलं, डोळ्यात मासळीचं पाणी उडालं.