विहिरीत कोण होतं

बिबवेवाडी,
२३ सप्टेंबर

प्रिय तनुजा,

“पान उलटू नका, बाई. आधी प्रश्न!” म्हणत तुमच्या संस्थेच्या रविराजसरांनी माझ्या हातातलं पुस्तक धरलं. गोष्टीतली शेळी विहिरीपाशी थांबली होती. आत कुणीतरी खोकलं होतं. पहिलीचा सगळा वर्ग श्वास रोखून बसला होता.

“मुलांनो, शेळीचा रंग कोणता?”

“पांढराऽऽ!”

“समजली ना गोष्ट?”

“होऽऽ!”

सर प्रसन्न झाले. याला ते आकलन म्हणतात. शाळेला आग लागली, समजलं ना, असं विचारलं असतं तरी मुलं हो म्हणाली असती. सुरात.

तू बरी असशील. कोथरूडच्या ऑफिसातला एसी चांगला आहे, असं सरांकडून कळलं. प्रकट वाचनाची तुझी पुस्तिकाही मिळाली. कागद उत्तम आहे.

मग पायल बोलली. येवलेवाडीची ही मुलगी जूनपासून वर्गात एक अक्षर बोलली नव्हती.

“बाई, आत कोन हाय?”

सर वाकले. “कोन हाय नाही, बाळा. कोण आहे. आणि प्रश्न आम्ही विचारायचे. तू सांग, शेळीचा रंग कोणता?”

तिने ओठ मिटले. सरांनी तिच्या नावापुढे लिहिलं, ‘प्रतिसाद नाही’.

मुख्याध्यापिका त्याचीच वाट पाहत होत्या. “बघा नाजिमाबाई, तज्ज्ञांनाही तेच दिसलं. उद्यापासून तिला बालवाडीत बसवू.”

अख्ख्या वर्गात गोष्ट त्या एकटीला कळली होती.

निघताना सर मला म्हणाले, “तुमचं मराठी अगदी शुद्ध आहे हो!”

“तुमचंही बरं आहे,” मी म्हटलं.

डी.एड.ला तुझ्या ‘हाय’वर वर्ग हसला, तेव्हा तू बाकावर उभी राहून काय म्हणालीस ते इथे लिहीत नाही. तुझ्या पुस्तिकेत त्याला जागा झाली नाही, माझ्या पत्रात कशाला?

पत्राचा फोटो पाठवते आहे, म्हणजे आजच पोचेल. मुख्याध्यापिकांचा नंबर तुझ्याकडे आहेच. त्या तुझं ऐकतात. मी काही मागत नाही.

अजून तरी तुझीच,
नाजिमा

ता. क. दुसऱ्या दिवशी सकाळी. तू पत्र वाचल्याच्या निळ्या खुणा रात्रीच दिसल्या. शाळेत फोन आला नाही. पायलला बालवाडीत बसवलं. मी वर्गाकडे जाताना ती बालवाडीच्या दाराबाहेर चपलांपाशी उभी होती. आधी इकडेतिकडे पाहिलं, मग हळूच म्हणाली, “विहिरीत कोन हाय?” मी तिथेच खाली बसले आणि पुढचं पान वाचलं.