सातवं रीळ आधी

शनि. ८ जाने. १९५५, डोंबिवली
ठाण्याला जाऊन वसंताचा हवेलीचा चित्रपट पाहिला. वसंता म्हणजे शरयूचा धाकटा भाऊ, कल्याणला शाळामास्तर. बिनपगारी रजा काढून लिहिलेली ही त्याची पहिली पटकथा. परीक्षण दुसऱ्या कुणाला द्या, असं साप्ताहिकाच्या संपादकांना म्हटलं होतं. ते म्हणाले, "मेहुणा तुमचा, वाचक माझे. सोमवारी मजकूर हवा."
डोळे निवले. कठड्याची सावली भिंतीवर अशी चढते की पाऊल वाजण्याआधीच अंगावर काटा. झुंबराखाली धूर, वाऱ्यावर पांढरे पडदे, तळघरात पाण्याचे हलते कवडसे. गोष्ट? जहागीरदार कुणाला भितो, का भितो... जाऊ दे.

रवि. ९
सकाळी बसलो, जेवणाआधी मजकूर पुरा. छायालेखन आणि नेपथ्याला दोन परिच्छेद, मनापासून. कथेबद्दल: 'हवेलीला जिने पुष्कळ, गोष्टीला एकही नाही.' जरा लागेल त्याला. पण एका जागी पाठ थोपटली, आणि मेहुणा म्हणून नव्हे. नायिका विहिरीत बुडते, आणि पुढच्याच दृश्यात दिव्यापाशी निवांत वेणी घालत बसते. कुणी दचकत नाही, काही विचारत नाही. असं भूत पाहिलं नव्हतं.
शरयूला वाचून दाखवलं. "एवढं एक तरी राहू दे हं," म्हणाली.

शुक्र. १४, संक्रांत
अंक काल निघाला. संध्याकाळी वसंता तिळगूळ घेऊन आला. जिन्याचं वाक्य पाठ झालंय त्याला, तरी चेहरा फुललेला. निर्मात्याने (आपलाच चित्रपट त्याने अजून पुरा पाहिलेला नाही) परीक्षण वाचून सकाळी बोलावून घेतलं होतं: वेणीच्या भुतासारखं सुचत असेल तर पुढची गोष्टही तुमचीच. रजा मंगळवारी संपते, राजीनामा लिहून तयार आहे.
गुळपोळी मोडता मोडता सावकाश म्हणाला, "पण भाऊजी, ती भूत नाहीच हो. वेणी घालते तेव्हा जिवंत आहे. विहीर नंतर."
"मी पाहिलं ना!"
"मी लिहिलं ना!"
शरयूला हसू आवरेना. आम्हा दोघांना मात्र हसू येईना.

शनि. १५
वाद मिटवायला ठाणे. थिएटरचा ऑपरेटर फ्रान्सिस, त्याला खोपटला घरी गाठलं.
"गेल्या शनिवारी त्या खेळाला सातचा डबा आधी लागला, सहाचा मागून. पुढच्या खेळाला केलं सरळ."
"लोक ओरडले नाहीत?"
"नाय साहेब, एक शिट्टी नाय. मी बोललो, असंल तसाच."
त्याच्या बायकोने चहा दिला. निघताना तोच मला म्हणाला, होतं असं कधी कधी, मनाला लावून घेऊ नका.
इतकी वर्षं पडद्यासमोर बसतोय. सावल्या बघत राहिलो, रिळं उलटी लागलेली कळली नाहीत.

रवि. १६
कल्याणला पुन्हा तोच चित्रपट, आता रिळं जागच्या जागी. शेजारी वसंता. ती वेणी घालते, विहिरीकडे जाते, बुडते, मग रडारड. काटा नाही. वसंता पडद्याकडे कमी, माझ्याकडे जास्त पाहत होता. बाहेर येऊन भेळ खाल्ली.
"ठाण्याचं जास्त बरं होतं?"
"हो."
"म्हणजे त्यात माझं काहीच नाही."
सावल्याही त्याच्या नाहीत, हे बोललो नाही. भेळ छान होती.

मंगळ. १८
दुरुस्ती उद्या सकाळी छापखान्यात हवी. चार ओळी लिहिल्या: रिळांची अदलाबदल, चूक परीक्षकाची, ती प्रशंसा मागे घेतो. उद्याच वसंताची शाळा. छापलं तर पुढची गोष्ट बहुधा गेली. न छापलं तर तो नोकरी सोडणार, फ्रान्सिसच्या चुकीवर. शरयू म्हणाली, "मला मध्ये घेऊ नका, दोघं बसून काय ते ठरवा."
वसंता दुपारीच आला, कोटाच्या खिशात राजीनामा. चार ओळी दोनदा वाचल्या.
"छापा. नाहीतर दर सिनेमाला मला फ्रान्सिस लागायचा."
मग कोरे कागद मागितले. ऑपरेटर रिळं उलटी लावतो आणि मेलेली बाई घरी परत येते, यावर गोष्ट होईल म्हणे. माझ्याच टेबलावर बसला. मी झोपाळ्यावर. दोन तास टाक थांबला नाही. आत फोडणीचा वास, बाहेर कुणाची तरी पेटीची शिकवणी. बरं वाटत होतं. राजीनामा अजून खिशातच होता.
"भाऊजी, सुरुवात झाली. वाचू? पण मेहुणा म्हणून ऐकू नका. पटलं तर उद्या देतो राजीनामा, नाही तर फाडतो."
"आधी जेवून घेऊ," म्हटलं.
शरयू पानं घेतेय, तेवढ्यात हे लिहिलं. कागद त्याने पाटाशेजारीच ठेवलेत.